तगरपुरवराधीश्वर : धाराशिवची लेणी आणि एका घराण्याची स्मृती

धाराशिव शहराबाहेर बालाघाटच्या डोंगरकुशीत कोरलेली लेणी जिल्ह्यातील बहुतेक जैन कुटुंबांनी केव्हा ना केव्हा पाहिलेली असतात. मोठ्या लेण्यातील अंधारात डोळे स्थिरावले की मस्तकावर नागफणा धारण केलेली पद्मासनस्थ मूर्ती हळूहळू दिसू लागते. हात आपोआप जोडले जातात. ही लेणी कोणी खोदली, ही मूर्ती येथे कोठून आली, असे लहान मुले विचारतात आणि वडीलधारी मंडळी 'फार प्राचीन आहेत' एवढेच सांगून डोंगर उतरू लागतात. मात्र या प्रश्नाचे सविस्तर उत्तर सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वी एका दिगंबर मुनींनी लिहून ठेवले आहे, ही गोष्ट आपल्या समाजातही फार थोड्यांना ठाऊक आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने पन्नास वर्षांचा हिशेब मांडला जात असताना त्यामागील दीड हजार वर्षांकडेही एक दृष्टी जावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्या मुनींचे नाव कनकामर. मूळचे ब्राह्मण कुळातील हे विद्वान पुढे दिगंबर मुनी झाले. इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या मध्यास त्यांनी अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' हे दहा संधींचे काव्य रचले. त्याची हस्तलिखिते कारंजा येथील जैन भांडारात शतकानुशतके जपली गेली. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादित करून १९३४ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. काव्याचा नायक चंपा नगरीचा राजा करकंडू आहे. पण कथेचे मर्म ज्या स्थळी उलगडते ते स्थळ आहे तेरापूर, म्हणजे आजचे तेर, आणि तेथून जवळच्या डोंगरातील लेणे. अपभ्रंशातील 'लयण' आणि मराठीतील 'लेणे' हे शब्द एकाच घरातील आहेत, हे येथे सांगावयास हवे.

कथा अंगदेशातील चंपा नगरीत सुरू होते. तेथील राजा धाडीवाहन याने कुसुमपूर येथे एका माळ्याच्या घरी वाढलेली कन्या पाहिली व तिच्याशी विवाह केला. तिचे नाव पद्मावती. ती वस्तुतः कौशांबीच्या वसुपाल राजाची मुलगी. परंतु तिच्या जन्माच्या वेळी अपशकुन झाला म्हणून आईबापांनी तिला पेटीत घालून यमुनेत सोडून दिले होते. पेटी माळ्याच्या हाती लागली आणि पेटीतील खुणेवरून पुढे तिचे राजकुल उघड झाले. अशा रीतीने या घराण्याच्या कथेचा आरंभच एका टाकलेल्या मुलीपासून होतो.

पद्मावतीला दिवस गेले तेव्हा तिला डोहाळे लागले ते विलक्षण होते. पुरुषवेष धारण करून, राजासह एकाच हत्तीवर बसून, रिमझिम पावसात नगराला फेरी मारावी, अशी तिला इच्छा झाली. राजाने ती पुरवली. परंतु हत्ती बिथरला आणि दोघांना घेऊन अरण्यात धावत सुटला. राणीच्याच आग्रहावरून राजाने वाटेतील झाडाची फांदी धरून स्वतःचा जीव वाचवला. राणी मात्र हत्तीच्या पाठीवर एकटी राहिली. हत्ती एका सरोवरात शिरला तेव्हा ती उडी टाकून बाहेर आली. तिच्या पावलांनी एक वाळलेली बाग फुलली. बागेच्या माळ्याने तिला आश्रय दिला. पण माळ्याच्या बायकोला मत्सर वाटला आणि गर्भवती राणीला घराबाहेर काढण्यात आले. स्मशानात तिने मुलाला जन्म दिला.

ते मूल तिच्याजवळ राहिले नाही. स्मशानातील एका मातंगाने ते आपल्याकडे नेले. हा मातंग मूळचा विद्याधर. शापामुळे त्याला हे रूप आले होते. मुलाच्या हाताला खाज होती, म्हणून त्याचे नाव करकंडू पडले. विद्याधराने त्याला सर्व विद्या शिकवल्या. पुढे दंतीपूरचा राजा निपुत्रिक मरण पावला. नवा राजा निवडण्यासाठी हत्तीच्या सोंडेत कलश देण्यात आला आणि हत्तीने स्मशानात वाढलेल्या त्या तरुणालाच अभिषेक केला. विद्याधराचा शाप सुटला. गिरिनगरच्या राजकन्येशी, मदनावलीशी, करकंडूचा विवाह झाला.

यानंतर चंपेच्या राजाचा दूत आला: दंतीपूरने आपले स्वामित्व मान्य करावे. करकंडूने नकार दिला आणि सैन्य घेऊन चंपेवर चालून गेला. रणभूमीवर पिता व पुत्र एकमेकांना न ओळखता शस्त्र उगारून उभे राहिले. तोच पद्मावती मध्ये आली. इतकी वर्षे जी एकटी मौनात राहिली होती, तिने दोघांना एकमेकांची ओळख करून दिली. धाडीवाहनाने मुलाला पोटाशी धरले, चंपेचे राज्य त्याच्या स्वाधीन केले आणि स्वतः वैराग्य पत्करले. फांदी धरून सुटलेल्या त्या राजाच्या मनात इतक्या वर्षांत काय काय आले असेल, याविषयी मात्र कवी फारसे बोलत नाही.

चंपा व दंतीपूर ही दोन्ही राज्ये हाती आल्यावर करकंडूला दक्षिणेतील चोल, चेर व पांड्य राजांवर स्वारी करण्याची इच्छा झाली. त्या स्वारीच्या मार्गावर तेरापूर लागते. तेथून पुढील कथा आपल्या डोंगरावर घडते, म्हणून ती जरा सावकाश पाहावी.

तेरापूरजवळ सैन्याचा तळ पडला असता तेथील शिव नावाचा राजा करकंडूच्या भेटीस आला. त्याने सांगितले की, जवळच्या डोंगरात एक लेणे आहे. आणि त्याच डोंगराच्या माथ्यावर एक वारूळ आहे. एक हत्ती रोज सरोवरातून सोंडेत पाणी व कमळ घेऊन येतो, वारुळाला पाणी घालतो, कमळ वाहतो आणि निघून जातो. करकंडूने ते लेणे पाहिले. कवीने त्याला हजार खांबांचे म्हटले आहे. प्रत्यक्षातील मोठ्या लेण्याचा सभामंडप सुमारे ८० फूट लांबरुंद असला तरी खांबांची संख्या हजाराच्या जवळपासही जात नाही, हे कवीच्या भाषेचे स्वातंत्र्य समजावे. मग करकंडू माथ्यावर गेला. हत्तीसारखा प्राणी ज्याची पूजा करतो त्यात काही तरी असणारच, असे म्हणून त्याने वारूळ खणवले. आत पार्श्वनाथाची मूर्ती निघाली. ती मोठ्या भक्तीने खाली लेण्यात आणून बसवण्यात आली. तिला 'अग्गलदेव' असे नाव काव्यात आहे.

लेण्यातील मूर्तीच्या आसनावर करकंडूला दगडाची एक गाठ दिसली. तिने शोभा बिघडते म्हणून ती काढून टाकावी, असे त्याने म्हटले. जाणत्या कारागिराने विनवले की, महाराज, या गाठीला हात लावू नये, तिच्या मागे पाण्याचा झरा आहे. राजाने ऐकले नाही. छिन्नी बसताच पाण्याचा लोंढा फुटला आणि लेणे पाण्याने भरले. आपल्या हट्टामुळे देव पाण्यात बुडाला, या पश्चात्तापाने राजा अन्नपाणी सोडून बसला. तेव्हा एक दिव्य पुरुष प्रकट झाला आणि त्याने या स्थानाचा पूर्ववृत्तांत सांगितला. 'पुण्यास्रव कथाकोश' या संस्कृत ग्रंथातही ही कथा आली आहे. तेथे पाणी हे संकट नसून पुढे येणाऱ्या वाईट काळात मूर्तीचे रक्षण व्हावे म्हणून केलेली योजना ठरते.

पूर्ववृत्तांत दोन भावांच्या दोन जोड्यांचा आहे. नील व महानील हे विद्याधर बंधू विजयार्ध पर्वतावरील रथनूपुर येथे राज्य करीत होते. शत्रूने त्यांना पराभूत केले, राज्य गेले, आणि ते भटकत तेरापुरास आले. येथे त्यांनी नवे राज्य उभारले. एका मुनींच्या उपदेशाने त्यांनी जैन धर्म स्वीकारला आणि हे लेणे खोदवले. थोडक्यात, धाराशिवचे लेणे हे कथेनुसार विजयी सम्राटाचे कीर्तिस्थान नसून घरदार गमावून आलेल्या दोघा भावांनी परक्या मुलखात बांधलेले देवघर आहे.

दुसरी जोडी अमितवेग व सुवेग यांची. हेही विद्याधर. दक्षिणेतील मलय देशात रावणाच्या वंशातील राजाने बांधलेल्या जिनमंदिरातील एक मूर्ती त्यांना फार आवडली. ती घेऊन ते निघाले. वाटेत तेरापूरजवळच्या डोंगरावर त्यांनी ती क्षणभर खाली ठेवली आणि परत उचलू लागले, तो ती जागची हलेना. मूर्तीनेच आपले स्थान निवडले होते. दोघांनी तेथेच दीक्षा घेतली. एकाचे तप शुद्ध होते, तो स्वर्गात गेला. दुसऱ्याच्या मनात कपट राहिले आणि तो हत्तीच्या जन्माला आला. स्वर्गातील भावाने येऊन त्याला पूर्वजन्माची आठवण करून दिली. तेव्हापासून तो हत्ती त्या मूर्तीवरील वारुळाला पाणी आणि कमळ वाहू लागला. स्वर्गात गेलेला भाऊ मागे राहिलेल्या भावाला विसरला नाही, हा या कथेतील भाग वाचकाच्या मनात सर्वाधिक काळ रेंगाळतो. आपल्याच जिल्ह्यातील कुंथलगिरीवर देशभूषण आणि कुलभूषण या दोघा राजपुत्रांनी निर्वाण प्राप्त केले आणि १९५५ मध्ये प. पू. आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखनेसाठी तेच क्षेत्र निवडले. भावाभावांच्या कथा या भूमीला नव्या नाहीत.

पूर्ववृत्तांत ऐकून करकंडूने मूळ लेण्याच्या वरच्या बाजूस आणखी दोन लेणी खोदवली. परंतु तेरापुराने त्याला सुखासुखी सोडले नाही. येथेच एका विद्याधराने हत्तीचे रूप घेऊन मदनावलीला पळवले. आईला हत्तीने पळवले, मुलाला हत्तीने राजा केले, हत्तीने देव दाखवला आणि हत्तीच्याच रूपाने पत्नी नेली! करकंडू पुढे सिंहलद्वीपापर्यंत गेला, तेथे रतिवेगेशी त्याचा विवाह झाला, अनेक संकटे ओढवली. चोल, चेर, पांड्य राजे पराभूत झाले. विजयाच्या उन्मादात त्याने त्यांच्या मुकुटांवर पाय दिला, आणि खाली पाहतो तो मुकुटांवर जिनप्रतिमा कोरलेल्या! तो शरमेने विरघळून गेला. राज्ये परत देऊ लागला. पण त्या राजांना आता राज्याची इच्छा उरली नव्हती. परतीच्या वाटेवर तेरापुरातच त्याला मदनावली परत मिळाली.

चंपेत आल्यावर शीलगुप्त मुनींनी त्याला पूर्वजन्म सांगितला. तो मागील जन्मी तेरापुरातील एका श्रेष्ठीचा गुराखी होता. नाव धनदत्त. सरोवरातील एक सुंदर कमळ त्याने तोडले, तेव्हा नागकुमार देवाने त्याला बजावले की, हे कमळ जगात जो सर्वश्रेष्ठ असेल त्यालाच अर्पण कर. धनदत्ताने ते जिनेंद्रांना वाहिले. पण वाहताना हात चिखलाने भरलेले होते. कमळाच्या पुण्याने तो राजा झाला आणि चिखलामुळे हाताची खाज घेऊन जन्मला. ज्या डोंगरावर तो राजा म्हणून हत्ती, झूल, छत्रासह आला, त्याच परिसरात कधी काळी तो अनवाणी गुरे राखीत होता! हे ऐकून करकंडूने मुलाला, वसुपालाला, राज्य दिले व दीक्षा घेतली. आई पद्मावतीनेही दीक्षा घेतली. नातवाला तिच्या पित्याचेच नाव मिळाले आहे. ज्याने तिला नदीत सोडले त्याच पणजोबांचे. घराण्यात नावे अशीच फिरत राहतात.

ही झाली कथा. तिच्यातील इतिहास किती, हा प्रश्न सुज्ञ वाचकाने विचारलाच पाहिजे. करकंडू हा केवळ दिगंबर कवीची कल्पना नाही. उत्तराध्ययन सूत्रात त्याचा उल्लेख कलिंगचा राजा म्हणून येतो. बौद्धांच्या कुंभकार जातकातही तो दुर्मुख, नमी आणि नग्गति यांच्यासह चार प्रत्येकबुद्धांत गणला गेला आहे. म्हणजे जैन व बौद्ध या दोन्ही परंपरांनी त्याला आपला मानले. लेण्यांची स्थितीही काहीशी तशीच आहे. जेम्स बर्जेस याने १८७५-७६ मध्ये या भागाची पाहणी केली आणि १८७८ च्या अहवालात या लेण्यांचे वर्णन जैन लेणी म्हणून केले. पुढे मोठ्या लेण्याचा आराखडा, म्हणजे मधला मंडप, भोवती भिक्षूंच्या खोल्या व मागे गर्भगृह, अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी जुळतो, या आधारे ती मूळची बौद्ध असून बाराव्या शतकाच्या सुमारास जैनांकडे आली, असे मत पुढे आले. काही विद्वान ती आरंभापासून जैनच मानतात. आपल्या समाजातील काहींना हा वाद मनाला लागतो. तो लागण्याचे कारण नाही. अकराव्या शतकाच्या मध्यास एक जैन मुनी या लेण्याला प्राचीन जैन तीर्थ समजून त्याचा इतिहास लिहितो, यावरून ते निदान त्या काळी जैन उपासनेचे स्थान होते आणि तेव्हाही जुने मानले जात होते, एवढे निश्चित होते. त्याच्या आधीचा काळ मात्र कवीच्या साक्षीने ठरवता येत नाही. करकंडूची कथा ज्या अतिप्राचीन काळात घातली आहे त्या काळाशी लेण्यांच्या शैलीचा मेळ बसत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे.

परंतु कथेतील एक धागा असा आहे की तो थेट ताम्रपटांपर्यंत जातो. तो धागा म्हणजे तेरापुरात येऊन राहिलेले विद्याधर.

महाराष्ट्राच्या मध्ययुगीन इतिहासात शिलाहार नावाचे मोठे राजघराणे होऊन गेले. आठव्या-नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत त्याच्या तीन शाखा नांदल्या: दक्षिण कोकणात एक, ठाण्याकडे उत्तर कोकणात दुसरी आणि कोल्हापुरात तिसरी. हे राजे आपली उत्पत्ती जीमूतवाहन या विद्याधरापासून सांगत. शंखचूड नागाला गरुडापासून वाचवण्यासाठी ज्याने स्वतःचे शरीर पुढे केले, तोच हा जीमूतवाहन. हर्षाच्या 'नागानंद' नाटकाचा नायक. त्यांच्या ध्वजावर सुवर्णगरुड असे. नागाचे प्राण वाचवणाऱ्याच्या वंशजांनी ध्वजावर गरुड मिरवावा, ही इतिहासाची एक मौज आहे. आणि या राजांच्या बिरुदांत एक बिरुद असे: कोल्हापूरकर स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत, उत्तर कोकणचे शिलाहार 'तगरपुरपरमेश्वर' म्हणवीत. तगरपूर म्हणजे तगर, आपले तेर.

राज्य कोकणात आणि कोल्हापुरात, आणि नाव मात्र तेरणाकाठच्या गावाचे! अशी बिरुदे मूळ गावाची स्मृती म्हणून चालत. शेजारच्या लातूरचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. राष्ट्रकूट सम्राट आणि सौंदत्तीचे रट्ट हे दोघेही स्वतःस लट्टलूर नगराचे अधीश्वर म्हणवीत. मराठवाड्यातील दोन गावे अशा रीतीने दूरदूरच्या ताम्रपटांवर शेकडो वर्षे कोरली गेली. विद्याधर कुळ आणि तगर ही दोन्ही चिन्हे शिलाहारांच्या लेखांत आणि करकंडूच्या कथेत एकत्र येतात, याकडे डॉ. हिरालाल जैन यांनी लक्ष वेधले. नील व महानील या विस्थापित बंधूंच्या कथेत शिलाहारांच्या पूर्वजांची आठवण सामावली असावी, हा तर्क त्यातूनच निघतो. तो सिद्ध झालेला इतिहास नव्हे. पण कालाचा योग पाहण्यासारखा आहे. कनकामर मुनी काव्य रचीत होते त्याच सुमारास, १०५८ मध्ये, कोल्हापूर शाखेचा मारसिंह आपला मिरज ताम्रपट देत होता, आणि शके ९८२ म्हणजे १०६० मध्ये उत्तर कोकणच्या मुम्मुणीच्या काळात अंबरनाथचे शिवमंदिर पूर्ण झाले. कवी ज्यांची दंतकथा लिहीत होता, त्या कुळाचे नाव सांगणारे राजे तेव्हा प्रत्यक्ष सिंहासनावर होते.

याच घराण्यातील एका मुलीची कथाही काव्यात गेली आहे. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याची राणी चंद्रलेखा ही कऱ्हाडच्या शिलाहारांची कन्या. काश्मीरहून आलेल्या बिल्हण कवीने 'विक्रमांकदेवचरित' या काव्यात तिचे स्वयंवर वर्णिले आहे.

जैन वाचकांना विशेष जवळची शाखा कोल्हापूरची. मारसिंहाचा मुलगा गंडरादित्य हा कर्तबगार राजा. शके १०३२ म्हणजे १११० च्या त्याच्या ताम्रपटावरून कळते की, त्याने मिरज भागातील इरुकुडी येथे 'गंडसमुद्र' नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध व अर्हत् या तिघांची मंदिरे उभारून तिघांनाही जमिनी दिल्या. त्याचा सामंत निंबदेव याने कोल्हापुरात रूपनारायण बसदी बांधली. माघनंदी आचार्यांचे ते स्थान विद्येचे मोठे केंद्र झाले. गंडरादित्याचा मुलगा विजयादित्य याच्या शके १०६५ च्या, म्हणजे ११४३ च्या लेखात माघनंदींच्या शिष्याने बांधलेल्या पार्श्वनाथ बसदीस दिलेल्या दानाची नोंद आहे. विजयादित्याचा मुलगा दुसरा भोज. त्याच्या राज्यात १२०५ मध्ये सोमदेव यांनी जैनेंद्र व्याकरणावरील 'शब्दार्णवचंद्रिका' ही टीका पूर्ण केली; ती ज्या आजऱ्याच्या त्रिभुवनतिलक जिनालयात लिहिली गेली, ते जिनालय भोजाच्या आजोबांनी, गंडरादित्यानेच बांधलेले होते. आजोबांनी मंदिर बांधावे आणि नातवाच्या काळात तेथे ग्रंथ व्हावा, याहून घराण्याचे सुकृत वेगळे काय असते?

दुसरीकडे उत्तर कोकणचे शिलाहार पाहिले तर नवव्या शतकात त्यांच्या अमलाखाली कान्हेरीच्या बौद्ध विहारांना दाने दिली जात होती, अकराव्या शतकात अंबरनाथचे शिवालय उभे राहिले. कोल्हापूरच्या शाखेची कुलदेवता महालक्ष्मी. तिच्या वरप्रसादाचा उल्लेख त्यांच्या बिरुदांत अभिमानाने येतो. त्याच राजांनी बसद्यांना गावे दिली. एका कुळाने तीन-चार शतकांत इतक्या देवांपुढे दिवा लावला. तेरमध्येही हेच दिसते. तेथील त्रिविक्रम मंदिराची गजपृष्ठाकार विटांची वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह मानली जाते. उत्तरेश्वराचे शिवालय तेथे आहे. भगवान महावीरांचे अतिशय क्षेत्र तेथे आहे. आणि संत गोरोबाकाकांची समाधीही तेथेच आहे. धाराशिवच्या लेण्यावर कोणाचा हक्क आधीचा, हा प्रश्न ज्या काळी लेणे वापरात होते त्या काळच्या तगरवासीयाला कितपत पडला असेल, याचा विचार गंडसमुद्राच्या काठावरील तीन मंदिरे डोळ्यांपुढे ठेवून करावा.

या घराण्याचा शेवट शोकान्त झाला. देवगिरीच्या सिंघण यादवाने १२१२ च्या सुमारास दुसऱ्या भोजाचा पराभव केला आणि कोल्हापूरचे राज्य बुडाले. उत्तर कोकणचा अखेरचा राजा सोमेश्वर याच्यावर १२६५ च्या सुमारास महादेव यादव चालून आला. जमिनीवर टिकाव लागेना, तेव्हा सोमेश्वर गलबतांवर चढून समुद्रात गेला आणि तेथेच बुडाला. बोरिवलीजवळ एक्सर येथील वीरगळांवर जमिनीवरील आणि गलबतांची लढाई कोरलेली आहे. ती याच युद्धाची असावी, असे मानतात.

बिरुद धारण करणारे संपले आणि गाव कोठले हेही लोक विसरले. पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस' ग्रंथात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे सांगितले आहे. तेथून जाडेभरडे कापड आणि नाना प्रकारची मलमल बैलगाड्यांतून भडोचला जात असे. एवढे असूनही विद्वानांपैकी कोणी तगर म्हणजे देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर, कोणी धारूर. १९०१ मध्ये डॉ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे दाखवून दिले. पुढे १९५८ मध्ये श्री. चापेकर यांनी तेथे उत्खनन केले. पण त्याहीपूर्वीपासून तेरमधील एक गृहस्थ, कै. रामलिंगप्पा लामतुरे, पांढरीत आणि शेतात सापडणारी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती घरी आणून जपत होते. रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा सांगणाऱ्या त्या वस्तू आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात पाहावयास मिळतात.

लेण्यांचा खडक ठिसूळ असल्याने त्यांची बरीच पडझड झाली आहे. ती राज्य संरक्षित स्मारके आहेत. जिल्ह्याचे नाव निजामाच्या काळात उस्मानाबाद झाले आणि २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव झाले. गावाचे नाव कोणी धारासुरमर्दिनी देवीवरून सांगतात. करकंडूला लेण्याची वाट दाखवणाऱ्या राजाचे नाव शिव होते आणि त्या लेण्यात पाण्याची धार फुटली होती, एवढे कनकामर मुनींचा वाचक लक्षात ठेवतो. डोंगर चढताना त्या कारागिराचीही आठवण व्हावी, ज्याने हात जोडून सांगितले होते की, महाराज, या गाठीला छिन्नी लावू नका.